आक्कांची वेणी: मुलाने आईचे केस सांभाळायला शिकल्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

तासगाव तालुक्यातलं द्राक्षबागायतदार घर. ओळख पटेल असे तपशील बदलले किंवा गाळले आहेत आणि घरच्यांनी लिहायला होकार दिला आहे. घरातल्या वडीलधाऱ्या बाई सत्तरी ओलांडलेल्या. सगळा वाडा त्यांना आक्का म्हणतो, म्हणून इथेही आक्काच. त्यांचा मुलगा ४८ वर्षांचा, त्यांना मी भाऊ म्हणते. सून, म्हणजे वहिनी, अंगणवाडी सेविका, नात आठवीत. लेक लग्न होऊन मुंबईला असते.

मी पक्षाघात झालेल्या रुग्णांच्या घरी जाऊन फिजिओथेरपी देते. हात-पाय, तोल, चालणं हे माझं काम. केस माझ्या कामात येत नाहीत असं वाटेल, पण या घरात सगळं अडलं होतं ते केसांपाशीच. घरी परतलेला रुग्ण ज्यांनी सांभाळला आहे, त्यातही ज्या पुरुषांच्या अंगावर हे काम अचानक पडलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

ऑक्टोबरात, बागेची फळछाटणी ऐन भरात असताना, आक्कांना झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली. अशा वेळी उजवं अंग लुळं पडतं आणि अनेकांची वाचाही अडखळते. मिरजेतल्या एका रुग्णालयात त्या तीन आठवडे होत्या. घरी आल्या तेव्हा आधाराने खाटेच्या कडेला बसत होत्या. डावा हात चांगला चालत होता, पण बोलण्यात उरलं होतं ते ‘न्हाय’, ‘आगं’ आणि नातीचं नाव.

आक्कांचे केस कमरेखाली येणारे, पांढरे, वयाच्या मानाने दाट. दिवसा बुचडा, रात्री झोपताना सैल वेणी. रविवारी शिकेकाई लावून न्हाणं आणि मग उन्हाला पाठ करून केस वाळवत बसणं. वहिनी म्हणाल्या, “लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांच्या केसाला माझा हात लागला नाही. त्यांनी लावूच दिला नाही.” नातीची वेणी मात्र शाळेत जायला लागल्यापासून आक्काच घालत आल्या होत्या.

अडचण

रुग्णालयातून घरी सोडताना दिलेल्या कागदावर गोळ्या होत्या, रक्तदाब होता, दर दोन तासांनी कूस बदलायची सूचना होती, जेवण कसं भरवायचं तेही होतं. केसांबद्दल एक ओळही नव्हती. हे एकाच रुग्णालयाचं नाही. माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक कागदांवर ती नसते.

तीन आठवडे आक्कांचं डोकं उशीवर एकाच जागी घासलं गेलं. कुणीतरी सोय म्हणून सगळे केस मागे ओढून रबर लावलं होतं. ते रबर, त्याखालचा गोळा आणि त्यावर डोक्याचं वजन. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा डोक्याच्या मागच्या बाजूला तळहाताएवढा गुंता घोंगडीच्या तुकड्यासारखा घट्ट बसलेला होता. बोट आत जात नव्हतं. कड उचलून पाहिली तर खालची कातडी लाल झालेली. ती अजून फाटलेली नव्हती, पण डोक्याच्या त्या भागात हाडावर मांस फारसं नसतं. पाठीला आणि टाचेला होतात तशीच दाबाची जखम तिथेही होते. दुखत असल्यामुळे आक्का मान सतत डावीकडे वळवून ठेवायच्या आणि त्यामुळे बसवलं की तोल डावीकडे जायचा. मी तोल शिकवायला आले होते आणि तोलाचा शत्रू केसांत बसला होता.

दुसरी गोष्ट शेजारून आली. आक्कांच्याच वयाच्या एक मावशी भेटायला आल्या, त्यांनी डोकं पाहिलं आणि हात जोडले. “ही जट हाय. आईचं बोलावणं आलंया. कातर लावू नगा, घरावर येईल.” आपल्याकडे ही समजूत किती खोल आहे ते सांगलीकरांना सांगायला नको. जतच्या यल्लम्माच्या यात्रेत नाहीतर सौंदत्तीच्या डोंगरावर जट वाढवलेल्या बाया आजही दिसतात. त्या दिवसापासून वहिनींनी कंगवा उचललाच नाही. त्यांचा विश्वास होता म्हणून नव्हे. उद्या आक्कांना काही झालं तर बोट आपल्याकडेच वळणार, या भीतीने. सुनेची ही भीती कुणी मोजत नाही.

गुंता का होतो

हे मी सगळ्यांसमोर, त्या मावशींसमोरही, सांगितलं. प्रत्येकाच्या डोक्यावरून रोज साधारण ५० ते १०० केस सुटतात. आपण विंचरतो तेव्हा ते कंगव्याबरोबर निघून जातात. विंचरलंच नाही तर सुटलेला केस खाली पडत नाही, शेजारच्या केसांत अडकून राहतो. तीन आठवड्यांत असे हजार ते दोन हजार केस आतच राहिले. त्यात घाम, जुनं तेल, उशीवरचं घासणं. गुंता असाच बनतो. तो कुणी पाठवत नाही.

जगात इतरत्रही याच्याभोवती समजुती होत्या. पोलंडमध्ये तर हा प्रकार इतका रूढ होता की वैद्यकात त्याचं लॅटिन नावच त्या देशावरून पडलं, आणि युझेफ डिटल या डॉक्टरांनी १९ व्या शतकात क्राकूवमध्ये त्याविरुद्ध मोहीम चालवली. आपल्याकडे डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. १९८९ साली त्यांनी सुरू केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते जट सोडवण्याचं काम करत आले आहेत. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी अनेक बायकांच्या जटा स्वतःच्या हाताने कापल्या आहेत.

मावशींना हे पटलं नाही. मी वादही घातला नाही. मला त्यांचं मन वळवायचं नव्हतं, आक्कांचं डोकं मोकळं करायचं होतं.

समोर असलेले पर्याय

सगळे केस बारीक कापून टाकणं हा पहिला पर्याय मुंबईहून लेकीने फोनवर सुचवला, रुग्णालयातल्या आयाबाईंनीही तेच सांगितलं होतं. सोपं, स्वच्छ, कायमचं. मी स्वतः काही घरांत हाच सल्ला दिला आहे आणि तिथे तो बरोबरच होता. पण आक्कांच्या पिढीत बाईचे केस उतरवणं म्हणजे काय, हे विसरून चालत नाही. विधवेच्या केशवपनाच्या गोष्टी त्यांनी आपल्या आजीकडून ऐकलेल्या आहेत. त्या स्वतः विधवा आहेत.

दुसरा पर्याय जसं आहे तसं सोडून देण्याचा. खालची लाल कातडी पाहता तो पहिल्याच दिवशी बाद झाला.

तिसरा, तासगावातून पार्लरवाल्या ताईंना आठवड्यातून एकदा बोलवायचं. पैशांचा प्रश्न नव्हता. पण अंथरुणावरच्या माणसाचे लांब केस आठवड्यातून एकदा विंचरून भागत नाही, रोजच लागतं. गुंता काढायला त्यांची मदत घ्यायची, रोजचं घरातच करायचं असं ठरलं.

मग रोजचं कोण करणार? हा प्रश्न मी विचारला तेव्हा घरातल्या सगळ्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी आक्कांना आंघोळ घालत होत्या, कपडे बदलत होत्या, शौचाचं भांडं देत होत्या, भरवत होत्या आणि वेळेवर अंगणवाडी उघडत होत्या. भाऊ उचलून बसवत, औषधं आणत, दवाखान्याची धावपळ करत. वहिनी शांतपणे म्हणाल्या, “मी घालीन वेणी. पण मग सकाळचं एक काम कुणीतरी उचला.” बराच वेळ कुणी बोललं नाही. मग भाऊ म्हणाले, “मला जमंल का?”

माझ्या मते या प्रकरणाचं सगळ्यात मोठं वळण हेच. मी लगेच हो म्हटलं. पक्षाघाताचा रुग्ण महिनोन्महिने सांभाळायचा असतो. सगळी जवळची कामं एकाच बाईच्या अंगावर पडली की सहा महिन्यांत दुसरा रुग्ण तयार होतो, हे मी घराघरांत पाहिलं आहे.

आक्कांना विचारणं

पण त्याआधी आक्कांना विचारायचं होतं. बोलता येत नाही म्हणून विचारायचंच नाही, असं घडता कामा नये. वाचा गेलेल्या माणसाच्या ‘हो’ आणि ‘नाही’चीही अदलाबदल होते, म्हणून एकदा विचारून थांबायचं नाही. आधी ज्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे ते विचारायचं: “तुमचं गाव मुंबई?” आक्कांनी मान हलवली, नाही. “ही तुमची नात?” हो. मग कातर दाखवून, “केस कापायचे?” त्यांनी डावा हात उचलून डोक्यावर ठेवला. थोड्या वेळाने उलटं विचारलं, “केस ठेवायचे?” मान होकारार्थी. दुसऱ्या दिवशी भाऊंनी मी नसताना पुन्हा विचारलं, उत्तर तेच.

भाऊंनी वेणी घातलेली चालेल का, हाही प्रश्न विचारला. त्यावर आक्कांनी मुलाकडे बराच वेळ पाहिलं. हो नाही, नाहीही नाही. आम्ही ते ‘करून बघू’ असं धरलं.

गुंता सोडवणं

हे पार्लरवाल्या ताईंनी केलं आणि फार धीराने केलं. आदल्या रात्री गुंत्यात कोमट खोबरेल मुरवलं. दुसऱ्या दिवशी आधी नुसत्या बोटांनी कडेकडेने मोकळं करत आत जायचं. जिथे बोट जात नाही तिथे बोथट टोकाच्या कात्रीने गुंत्याला उभ्या चिरा द्यायच्या, केसांच्या लांबीच्या दिशेने, आडवं कापायचं नाही. उभ्या चिरेत केस फार थोडे जातात आणि एका मोठ्या गोळ्याचे चार लहान होतात. मग रुंद दातांचा कंगवा, तोही टोकाकडून मुळाकडे. विंचरताना वरची बट दुसऱ्या हाताने घट्ट धरायची म्हणजे ओढ मुळाला लागत नाही. आक्का रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असल्यामुळे टाळूला साधा ओरखडाही लवकर थांबला नसता, म्हणून वस्तरा आणि टोकदार कात्री घरात काढायचीच नाही असं ठरलं होतं.

एका बैठकीत सगळं करायचा हट्ट धरला नाही. आक्का दमल्या की थांबायचं. शेवटी मधोमध रुपयाएवढा भाग सुटेना, तो कापला. निघालेले केस पाहून वहिनी घाबरल्या, ओंजळ भरली होती. त्यातले बहुतेक आधीच सुटलेले होते. कापलेला तुकडा वहिनींनी येरळेत सोडला, नमस्कार करून. मी त्याला आड आले नाही. त्यांच्या मनावरचं ओझं उतरणार असेल तर नदीपर्यंतची ती फेरी मला उपचाराचाच भाग वाटली.

भाऊंचं शिकणं

शिकवणारी होती नात. “पप्पा, आधी माझ्यावर करा,” म्हणून ती पाठ करून बसली. भाऊंनी केसांचे तीन पेड केले आणि तिथेच थांबले. डोक्याला हात लावायचा म्हणजे मोठ्यांनी लहानांच्या, आशीर्वादाला. आईच्या डोक्याला आपण कधी हात लावला नव्हता, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. पाय दाबायला त्यांना संकोच नव्हता. डोक्याला होता.

हाताचं म्हणाल तर भाऊंचा हात चांगला होता. बागेत काड्या सुतळीने बांधणारा, बेंदराच्या आधी बैलांचे कासरे वळणारा हात. आणि गंमत अशी की तोच हात आडवा आला. दोर वळताना प्रत्येक पदराला एका बाजूला पीळ द्यायचा आणि पदर एकमेकांवर उलट्या बाजूला चढवायचे. दोन पीळ एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून दोर सुटत नाही. वेणीला पीळ लागत नाही. बाहेरची बट मधल्या बटेवरून आत आणायची, मग तीच मधली होते. आता दुसऱ्या बाजूची बाहेरची बट तिच्यावरून. बस. भाऊंची बोटं मात्र सवयीने प्रत्येक बट आधी पिळत. वेणी तयार व्हायची, पण कडक. ती खांद्यावर सरळ पडायची नाही, वळून बसायची. नातीच्या कपाळावरची कातडी ओढली जाऊन भुवया वर जायच्या. “पप्पा, ओढू नका!”

ही पिळायची सवय सुटावी म्हणून मी त्यांना सुती साडीच्या तीन चपट्या पट्ट्या घ्यायला सांगितल्या. पट्टी पिळली की लगेच दिसतं, सुतळीत दिसत नाही. त्या पट्ट्या भाऊंनी बागेतल्या मांडवाच्या तारेला बांधून ठेवल्या. मोटारीची लाईट यायची वाट बघत असले की तिथेच वेणी घालायचे.

दुसरी अडचण सगळ्या शिकणाऱ्यांना येते आणि कुणी सांगत नाही. वर वेणी पडत जाते तशी खाली मोकळ्या टोकांचीही उलटी वेणी पडत जाते. लहान केसांत ते कळत नाही. कमरेखालच्या केसांत चार-पाच वळणांतच खाली गुंता होतो आणि माणूस वरून ओढत राहतो. उपाय साधा आहे. दर काही वळणांनी थांबायचं, तिन्ही बटांत बोटं घालून टोकापर्यंत मोकळ्या करायच्या आणि मगच पुढे जायचं. थांबताना वेणी सुटू नये म्हणून झालेला भाग अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरायचा.

तिसरी अडचण बोटांच्या भेगांची. तारेवर, काड्यांवर काम करून भाऊंच्या बोटांना भेगा पडलेल्या, त्यात आक्कांचे बारीक केस अडकायचे. भाऊ रोज आंघोळीला बोटं वजरीने घासू लागले, वेणीच्या आधी तळहाताला खोबरेल लावू लागले. त्याने फरक पडला.

आक्कांच्या केसांवर पहिल्यांदा वेणी घातली तेव्हा त्यांना पाठ असलेल्या खुर्चीत बसवलं होतं. उजवा हात लोंबकळून खांदा निसटू नये म्हणून मांडीवर उशी, उशीवर हात. भाऊ मागे उभे. वेणी झाली. आक्कांनी डावा हात मागे नेला, वेणी पुढे घेतली आणि अंगठा वरून खाली फिरवत नेला. एका जागी थांबल्या. तिथे पेड सैल होता. त्यांनी त्या जागेवर बोटाने दोनदा टकटक केलं आणि वेणी भाऊंच्या दिशेने ढकलली. भाऊंनी ती तिथपर्यंत उसवली आणि पुन्हा घातली. पुढे हे रोजचंच झालं. बोलणं गेलेल्या बाईला घरात कुणाला काहीतरी शिकवता येतंय, हे मी त्या काळात पाहिलेलं सगळ्यात चांगलं औषध होतं.

वेणी कुठे पडावी

यावर खरा मतभेद झाला. माझं म्हणणं होतं की भांग कपाळापासून मानेपर्यंत सरळ काढून कानांमागून दोन वेण्या घालाव्यात आणि पुढे छातीवर घ्याव्यात. म्हणजे आडवं झालं की डोक्याखाली काही येत नाही, लाल झालेल्या जागेवर दाब पडत नाही. नातीला ते आवडलं. “आज्जी, माझ्यासारख्याच दोन!” तिने शाळेच्या रिबिनीही आणल्या.

आक्का म्हणाल्या, “न्हाय.” स्पष्ट, मोठ्याने. रिबीन त्यांनी हातानेच बाजूला सारली. दोन वेण्या शाळकरी पोरीच्या, रिबीन पोरीची. आयुष्यभर बुचडा बांधलेल्या बाईला आजारपणात पोर करून ठेवायचं नसतं. त्यांचं बरोबर होतं.

मग भाऊंनीच तोडगा काढला. रात्री झोपताना दोन सैल वेण्या, टोकाला रिबीन नाही, जुन्या पांढऱ्या पातळाची पट्टी. सकाळी त्या सोडून एक वेणी, डाव्या खांद्यावरून पुढे, म्हणजे धडक्या हाताला ती सापडते. रबर, आकडे आणि चाप पूर्ण बंद. पातळ रबराने केस तुटतात आणि लोखंडी आकडा डोक्याखाली आला तर टोचतो. हे आक्कांना चाललं.

जानेवारीतलं वळण

माल तोडणीला आला, व्यापारी दारात, भाऊंची पहाट बागेत. त्याच सुमाराला आक्कांचे केस मुठीने गळू लागले. भाऊंना वाटलं आपणच ओढतोय. त्यांनी काही दिवस वेणी घालायची थांबवली, आणि तेवढ्यात मानेपाशी नवा गुंता धरला.

गंभीर आजारानंतर दोन-तीन महिन्यांनी केस असे गळतात. आजाराच्या धक्क्याने बरेच केस एकदम वाढायचे थांबतात आणि काही आठवड्यांनी एकत्र सुटतात. बहुधा काही महिन्यांत ते आपोआप थांबतं. पण हे नुसतं सांगून भाऊंचं समाधान झालं नसतं. म्हणून आम्ही काळी शाल पसरली, गळलेले पांढरे केस त्यावर ठेवले आणि उजेडात पाहिले. ज्या केसाच्या मुळाला बारीक पांढरी गाठ दिसते तो आपली वेळ झाली म्हणून सुटलेला. अर्ध्यातच तुटलेला, गाठ नसलेला, तो ओढल्याने किंवा घासल्याने गेलेला. बहुतेक केसांना गाठ होती. थोडे तुटलेले होते, ते कानशिलाजवळचे, आणि तिथे वेणी खरंच घट्ट होती. भाऊंनी सुरुवातीची दोन-तीन वळणं सैल केली आणि पुन्हा वेणी घालायला लागले. वेळ सकाळऐवजी दुपारच्या जेवणानंतरची ठरली. रात्रीच्या वेण्या नात घालू लागली.

त्याच दिवसांत बेदाण्याच्या शेडवर बोलणं सुरू झालं. “भाऊ आता पार्लर काढणार.” भाऊंना ते लागलं, त्यांनी मला सांगितलंही. पण वेणी थांबली नाही. बोलणारेही थांबले नाहीत. घरचा पुरुष आईला खांद्यावर घेऊन दवाखान्यात गेला तर त्याचं गावभर कौतुक होतं, त्याच आईचे केस विंचरले की हसू येतं, याचा मला आजही राग येतो.

परिणाम

डोक्यामागची लाली साधारण दोन आठवड्यांत गेली, जखम झाली नाही. मान मधोमध आली. वेणीच्या निमित्ताने रोज बसणं होत गेलं. सुरुवातीला पाठीला आधार देऊन पाच मिनिटं, फेब्रुवारी अखेरीस खुर्चीच्या पाठीला न टेकता वीस मिनिटं. यातला वेणीचा वाटा किती आणि व्यायामाचा किती, हे वेगळं काढता येत नाही. पण व्यायामाला कंटाळणाऱ्या आक्का वेणीला कधी कंटाळल्या नाहीत. उजवा हात फारसा परतला नाही. चार पायांच्या काठीने त्या आता न्हाणीपर्यंत जातात. शब्द थोडे वाढले.

मे महिन्यातल्या उकाड्यात एक दिवस आक्कांनी स्वतः वेणी हातात घेतली आणि टोकाला नव्हे, मधोमध धरून दोन बोटांची कात्री करून दाखवली. आधीसारखंच उलटसुलट विचारलं. त्यांना अर्धे केस नको होते. पार्लरवाल्या ताई पुन्हा आल्या आणि केस पाठीच्या मध्यापर्यंत कापले. लेक फोनवर म्हणाली, मी तेव्हाच सांगत होते. पण नोव्हेंबरातली कातर आणि मेमधली कातर एक नाही. ही आक्कांनी मागितली होती. आता वेणी लवकर होते, आणि पाहुण्यांकडे जायचं असलं की भाऊ बुचडाही घालतात. अजून तो थोडा एका बाजूला कलतो. आक्का तो चाचपतात आणि राहू देतात.

मावशी अजूनही ती जटच होती असं म्हणतात. येऊन बसतात मात्र रोज.

काय वेगळं करता आलं असतं

रुग्णालयात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच दोन सैल वेण्या घालून पुढे घेतल्या असत्या तर गुंता झालाच नसता. त्याला दहा मिनिटं लागतात आणि कुणीही नातेवाईक ते करू शकतो. अतिदक्षता विभागातून बाहेर आल्याबरोबर परिचारिकेला विचारावं, केस कधी मोकळे करू?

जानेवारीत केस गळणार हे घरच्यांना नोव्हेंबरातच सांगून ठेवायला हवं होतं. आता मी प्रत्येक घरी ते सांगते, म्हणजे ऐन वेळी घाबरून विंचरणं थांबत नाही. पहिल्या भेटीत केसांचं कोण करणार, हाही प्रश्न असतो, आणि तो विचारताना घरातल्या पुरुषांकडे बघून विचारते.

दोन वेण्यांचा आग्रह धरण्याआधी आक्कांना आरसा दाखवून विचारलं असतं तर तो एक दिवस त्यांना अवघडल्यासारखं झालं नसतं. रिबिनी तर आणायलाच नको होत्या.

एक गोष्ट अजून बाकी आहे. वेणी भाऊंकडे आली, पण आंघोळ, कपडे आणि भांडं वहिनींकडेच आहे. वेणी शिकल्यावर बाकीचं आपोआप वाटलं जाईल असं वाटत होतं, ते झालं नाही. मुलाने आईला आंघोळ घालणं आक्कांना चालेल का, हे त्यांनाच विचारावं लागेल. नाही चालणार असं मला वाटतं. मग वहिनींचं दुसरं कुठलं काम भाऊ उचलणार, हे वहिनींनी कागदावर लिहून ठेवलं आहे. ऑक्टोबरच्या छाटणीआधी त्यावर बसायचं ठरलं आहे.